कुठलं गोठणं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या दहा अनवट ठिकाणांचा लेख आला होता. फोटो झकास होते. खाली 'कसे जाल' म्हणून चौकट होती आणि चौकटीत 'नकाशा नेटवर उपलब्ध' एवढंच. दहापैकी एकाही गावापुढे तालुका नव्हता. मी टपाल खात्याच्या रेल्वे मेल सेवेत (आर.एम.एस.) 36 वर्षं सॉर्टर होतो. तालुका नसलेलं गाव दिसलं की माझा हात आजही हवेत थांबतो. पत्र थोडं लांबेल, काटछाट आपल्या हाती.

सॉर्टरचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. समोर कबुतरखान्यासारखे खण, हातात टपालाचा गठ्ठा, बाहेर काळोख आणि खाली चालती गाडी. पत्त्यावर नजर पडायच्या आत पत्र खणात जायला हवं. आमच्या वेळचे जुने सॉर्टर गावाचं नाव वाचतच नसत, ते खालची ओळ आधी वाचत. मु., पो., ता., जि. गाव म्हणजे मुक्काम. त्याचं टपाल उतरतं ते पोस्ट, आणि ते कधी कधी तीन मैलांवरच्या दुसऱ्याच गावात. मग तालुका, मग जिल्हा. एकाच नावाची दहा गावं असली तरी या चार अक्षरांतून पत्र निसटत नसे. त्यातूनही निसटलं तर त्यावर 'मिससेंट'चा शिक्का बसायचा, आणि तो शिक्का ज्याच्यामुळे बसला त्याला चहा पाजावा लागायचा.

15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड आला तो याच गोंधळावर उतारा म्हणून. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती कल्पना. सारख्या नावांची गावं, नाना भाषांत लिहिलेले पत्ते, अर्धवट पत्ते. सहा आकड्यांनी सगळ्यांना वळण लावलं. आमच्या मिरजेचा पिन 416410 आणि राजापूरचा 416702. मधे सह्याद्री उभा असला तरी पहिले तीन आकडे एकच. हे कशाला सांगतोय ते पुढे कळेल.

निवृत्तीनंतर मला आणि सौ.ला फिरायचं वेड लागलं. दोघांनाही एसटीचं अर्धं तिकीट. तिला बाई म्हणून, मला पासष्टी ओलांडली म्हणून. महाबळेश्वर, गणपतीपुळे झाली. मग गर्दीचा कंटाळा आला. रांगेत उभं राहून सूर्यास्त बघायचा हे काही आम्हाला जमेना. तेव्हा पुण्याच्या पुतण्याने माझ्या फोनवर चार-पाच गोष्टी घालून दिल्या आणि म्हणाला, काका, आता जगात न सापडणारी जागा उरली नाही.

मी कातळशिल्पांपासून सुरुवात केली. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट जांभ्यावर, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कोरून ठेवलेली माणसं, हत्ती, मासे, चौकोनी नक्ष्या. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत यांतली नऊ ठिकाणं गेली: रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ. सातांपैकी पाच एकट्या राजापूर तालुक्यात आहेत. कशेळी, बारसू, रुंढे तळी, देवी हसोळ आणि देवाचे गोठणे. म्हटलं, राजापूरला तीन दिवस मुक्काम टाकायचा आणि होतील तेवढी बघायची.

पुतण्याने ती नावं इंग्रजीत टाईप करून एका एआय सहायकाकडून पाच मिनिटांत आराखडा काढून दिला. अगदी सुबक होता. सकाळी नाश्ता किती वाजता करायचा तेही होतं. मी चष्मा लावून वाचायला घेतला. कशेळीजवळ राहण्याची सोय म्हणून दोन हॉटेलं सुचवली होती. पत्त्याच्या शेवटी पिन होता, 421 ने सुरू होणारा. 421 म्हणजे ठाणे जिल्हा! ठाण्याहून भिवंडीकडे जाताना खाडीपुलापाशी काशेली लागतं, ते हे. आम्हाला बघायचा होता तो कशेळीचा कोरीव हत्ती तिथून तीन-साडेतीनशे किलोमीटर दक्षिणेला. बारसूच्या दिवशी तर जाड स्वेटर, हातमोजे आणि बर्फात चालायचे बूट घ्यायला सांगितले होते. उत्तराखंडात उत्तरकाशी जिल्ह्यात एक बारसू आहे, तिथून दयारा बुग्याल नावाच्या कुरणाकडे ट्रेकर चढतात. सौ. म्हणाली, घेऊ या की, सड्यावर बसायला उपयोगी पडतील. हवामानाच्या खिडकीत राजापूर टाकलं तर थंडीची लाट दाखवली. ते राजापूर चित्रकूट जिल्ह्यातलं निघालं, तुलसीदासांचं.

मी यंत्राला दोष देत नाही. नुसतं 'राजापूर' लिहिलेलं पाकीट माझ्या हातात आलं असतं तर मीसुद्धा डोकंच खाजवलं असतं. रोमन अक्षरांत तर आपली गावं आणखीच एकमेकांत मिसळतात. मराठीत कशेळी, काशेली, कर्जतजवळचं कशेळे आणि महामार्गावरची कशेडी ही चार वेगळी नावं आहेत. इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्यांची चुलतभावंडं होतात. म्हणून मी पुतण्याचा आराखडा बाजूला ठेवला आणि फोनचा कीबोर्ड मराठीवर नेला. 'कशेळी ता. राजापूर जि. रत्नागिरी' असं, अगदी पाकिटावर लिहितात तसं टाकलं. आणि खरं सांगतो, चित्रच पालटलं. गावच्या शाळेचं पान आलं, कनकादित्याच्या देवळाची माहिती आली, शिलाहारांच्या ताम्रपटाचा उल्लेख आला, घरगुती जेवणाची सोय करणाऱ्या एका कुटुंबाने टाकलेली पाटी आली. यातलं काहीही इंग्रजीत विचारल्यावर वर आलं नव्हतं. कोकणातला माणूस त्याच्या गावाबद्दल मराठीत लिहितो, तर शोधणाऱ्याने मराठीतच विचारायला हवं ना?

मराठीतही अडचणी आहेतच. 'बारसू' टाकल्यावर पानंच्या पानं रिफायनरीच्या आंदोलनाची. त्यातून चित्र शोधायला पुढे 'कातळशिल्प' हा शब्द जोडावा लागला. गोव्यातल्या त्या एकाच जागेला काही जण पणसायमळ म्हणतात, काही उसगाळीमळ. दोन्ही टाकून पाहावं लागतं.

आता एसटी. फोनमधल्या नकाशाला मी मिरजेहून कशेळीला सार्वजनिक वाहनाने जायचा रस्ता विचारला, तर मार्ग सापडत नाही म्हणाला. त्याच्या लेखी कोकणातलं निम्मं जग पायीच चालतं. मग एक युक्ती सापडली, ती वाचकांना देतो. नकाशात बसस्थानकावर बोट ठेवलं की लोकांनी टाकलेले फोटो दिसतात. वडा, मांजर, स्वतःचा चेहरा, असं बरंच काही असतं. पण चिकाटीने सरकवत गेलं की कुणीतरी वेळापत्रकाच्या फळ्याचा फोटो टाकलेला असतोच. राजापूरचा मला असाच मिळाला. बोटांनी मोठा करून गावांची नावं आणि वेळा वहीत उतरवून घेतल्या. फोटो जुना होता, म्हणून आगारात फोन केला. चौकशी खिडकीवरच्या बाईंनी न कंटाळता सगळ्या वेळा तपासून दिल्या. दोन बदलल्या होत्या, एक गाडी बंद झाली होती, आणि एक वस्तीची गाडी फळ्यावर नव्हतीच ती त्यांनी आपणहून सांगितली. संध्याकाळी गावात जाऊन मुक्काम करून पहाटे परतणारी गाडी आडगावच्या प्रवाशाला सोन्याहून मोलाची. ती कुठल्याही ॲपवर मला दिसली नाही.

तर गेल्या डिसेंबरात आम्ही निघालो. मिरज, कोल्हापूर, मग अणुस्कुरा घाटाने खाली पाचल, ओणी, राजापूर. घाट उतरताना सौ.ने खिडकी सोडली नाही. पहिल्या दिवशी कशेळी. तो हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर उंच आहे. जवळ उभं राहिलं की दिसतच नाही, पायाखाली नुसत्या रेषा. बाजूने फिरत, रेषेचा माग काढत जायचं, आणि मग अचानक सोंड जुळते. पोटात मासे, पक्षी, आणखी प्राणी. सौ. म्हणाली, रांगोळीसारखं आहे, मधे उभं राहून कळत नाही. आम्ही तिथे दोन तास होतो आणि दोन तासांत दुसरं माणूस आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तोंडावर पडलो. देवाचे गोठणे गाठायचं होतं. सकाळची एसटी चुकली म्हणून रिक्षा ठरवली. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठलं गोठणं? देवाचं काय दोनिवड्याचं?" आता एवढा सरळ प्रश्न. पण मी नकाशात आदल्या रात्री खूण करून ठेवली होती, तीन महिन्यांच्या अभ्यासाचा माज होता, मी फोनच पुढे धरला. "हे बघा, इथे." तो बिचारा एकदा माझ्याकडे, एकदा फोनकडे बघून म्हणाला, "बरं, तुम्ही म्हणाल तसं." उतरल्यावर मी एका अंगणात भार्गवरामाचं देऊळ विचारलं. भात वाळवत बसलेल्या आजी हसायलाच लागल्या. "देवाच्या गोठण्यात जावा. हे गोठणं दोनिवडं."

दोन्ही गावं राजापूर तालुक्यातलीच. म्हणजे तालुकासुद्धा पुरला नसता, गावाचं पूर्ण नाव हवं होतं. आळसाने मी रात्री नुसतं 'गोठणे, राजापूर' टाकलं होतं आणि नकाशाने जे समोर आणलं त्यावर खूण केली. 36 वर्षांच्या नोकरीत माझ्या नावावर मोजून चार मिससेंट. पाचवं हे, आणि पाकिटात मी स्वतः. रिक्षावाल्याला चहा मीच पाजला.

देवाचे गोठणे गाठेपर्यंत ऊन चढलं होतं. देवळापासून वर सड्यावर चढून गेलं की कातळात कोरलेली मनुष्याकृती आहे. तिच्याजवळ होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं असं वाचलं होतं. फोनमधलं होकायंत्र उघडलं. काटा खरोखरच हलत होता, दोन पावलं सरकलं की वेगळं उत्तर. नेटवर्क तर आधीच गेलं होतं. एवढी साधनं खिशात आणि उत्तर दिशा कुठे ते विचारायला गुरं राखणारा मुलगा! त्याने न बघता हात केला.

तो हात बघून एक आठवलं. ही चित्रं उजेडात आणली ती रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. 2012 पासून ही मंडळी सडे तुडवत हिंडली आणि गावोगाव विचारत राहिली. शाळांतल्या मुलांना सांगितलं, घरी आजी-आजोबांना विचारा, सड्यावर काही चित्र दिसतं का. उपग्रहाचे फोटो सगळ्या जगाला खुले असूनही माहिती आली ती अशा तोंडी पत्त्यांवरून.

म्हणून माझं मत असं झालंय की पत्ता नेटवर अचूक हवा, पण कुठपर्यंत? सॉर्टरचं काम पोस्टापर्यंत. पुढचं घर पोस्टमन शोधतो, कारण कुत्रं कुठलं चावतं ते त्यालाच माहीत. मागच्या वर्षी, मे 2025 मध्ये, टपाल खात्याने डिजिपिन आणला. दहा अक्षरांचा संकेतांक, साधारण चार मीटर गुणिले चार मीटरच्या चौकोनाला एक, अख्ख्या देशाला. खात्याचा जुना माणूस म्हणून मला त्याचा अभिमान आहे. वाडीवस्तीवर रुग्णवाहिका बोलवायची तर याहून चांगली सोय नाही. पण चार मीटर म्हणजे हत्तीच्या सोंडेवर नेमकी गाडी आणून उभी करता येईल इतकी अचूकता. जांभा काही ग्रॅनाइट नव्हे. बुटांनी झिजतो, चाकाने तर फुटतोच. रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीला ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन चिऱ्यांची भिंत बांधली आणि बाहेरून बघायची सोय केली, तसं सगळीकडे झालेलं नाही. जिथे झालं नाही तिथे गावापर्यंतचा पत्ता चोख द्या, आणि सड्यावरचा शेवटचा टप्पा गावातल्या माणसाकडे राहू द्या. त्याला वाटाड्या म्हणून चार पैसे मिळतील, आणि पावसाळा सरल्यावर गवत किती उंच आहे, चित्र दिसेल की नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? ही माझी भूमिका पुतण्याला जुनाट वाटते. त्याच्या मते जे नकाशावर नाही ते कुणी वाचवणारही नाही. त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे, नाही असं नाही. रात्रभर वाद झाला, निकाल लागला नाही.

परत आल्यावर मी दोन कामं केली. फोनच्या नकाशात 'बदल सुचवा' म्हणून जागा असते, तिथे दोन्ही गोठण्यांची पूर्ण नावं मराठीत लिहून पाठवली. दुसरं, ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा आहे, जो 2004 पासून जगभरचे हौशी लोक मिळून भरतात. त्यात प्रत्येक गावाला मराठी नावासाठी वेगळा रकाना आहे. मी आजवर राजापूर तालुक्यातल्या 61 गावांची नावं भरली. जनगणनेची गावयादी शेजारी ठेवून, शंका आली तिथे त्या गावच्या पोस्टात फोन करून. पोस्टमास्तरांना सॉर्टरचा फोन म्हटलं की आजही मान आहे. ज्यांना इंग्रजी चालतं त्यांनी भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशेही जरूर बघावेत. एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर या मापाचे कागद त्यांच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून उतरवून घेता येतात. ओढे, पायवाटा, विहिरी, देवळं सगळं असतं, आणि सड्यावर नेटवर्क नसताना छापील कागदाची बॅटरी संपत नाही. 1880 चं रत्नागिरीचं गॅझेटियरही नेटवर आहे. त्यातल्या गावांच्या प्रकरणात राजापूरजवळच्या उन्हाळे गावची गंगा, म्हणजे अधूनमधून प्रकटणारे झरे, यांच्याबद्दल वाचताना माझी एक अख्खी रात्र गेली.

आता आपल्याकडे मागणं. पुरवणीत एखादं ठिकाण छापाल तेव्हा त्याच्यापुढे ता. आणि जि. छापा, जमल्यास पिनही. एका ओळीची जागा जाईल, ती फोटोतून कापा. 'नेटवर उपलब्ध' हे दोन शब्द मात्र कृपा करून काढून टाका, कारण नेटवर जे असतं ते कुणीतरी आधी नीट लिहिलेलं असतं म्हणून असतं, आणि आपल्या लेखाचाच शोध घेऊन उद्या कुठला तरी एआय कुणाला तरी भिवंडीला पाठवेल.

एसटीच्या मंडळींनाही आपल्या पत्रातून विनंती. आगाराच्या फळ्यावर रंगाने लिहिलेलं वेळापत्रक आहेच; दर सहा महिन्यांनी त्याचा एक स्वच्छ फोटो, वस्तीच्या गाड्यांसकट, संकेतस्थळावर टाकावा. भारी काही नको. फोटोसुद्धा चालेल, आम्ही बोटांनी मोठा करून वाचू.

गोठण्याची दुरुस्ती पाठवून चार महिने झाले. फोन उघडला की अजून 'आपली सूचना तपासली जात आहे' असंच येतं. मी रोज बघतो. सौ. म्हणते, तुमच्या आर.एम.एस.मध्येसुद्धा पत्र इतके दिवस पडून राहत नव्हतं.

पुढच्या थंडीत आम्ही कुडोपीला निघणार आहोत. मु. कुडोपी, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग. मालवण किंवा कणकवलीहून तिकडे जाणारी एसटी किती वाजता सुटते आणि परतीची शेवटची गाडी कुठली, हे आपल्या कुणा वाचकाला ठाऊक असेल तर याच सदरात कळवावं.

आपला नम्र,
एक निवृत्त सॉर्टर, रेल्वे मेल सेवा
मु. पो. मिरज, ता. मिरज, जि. सांगली, पिन 416410